मागचे टाळकरी



कीर्तनाला बसलेल्या माणसाचे डोळे गादीवर उभ्या असलेल्या बुवांवर असतात, आणि ते साहजिकच आहे. पण ज्याने पन्नास वर्षे त्या जागी उभे राहून काढली त्याला विचाराल तर तो सांगेल की कीर्तन मागून चालते. बुवांनी चरण म्हटला की मागचे टाळकरी तो उचलतात, वरच्या पट्टीत नेतात, घोळवतात. तेवढ्या वेळात बुवांना श्वास मिळतो, पुढचे प्रमाण आठवते. घसा बसला तर चार टाळकरी ती वेळ निभावून नेतात आणि श्रोत्यांना पत्ताही लागत नाही. उलट बुवा कितीही विद्वान असोत, मागच्यांनी ध्रुपद सोडले की पाचव्या मिनिटाला मंडप रिकामा होऊ लागतो. (हल्ली गायक-वादक मानधन ठरवून आणले जातात. आवाज गोड असतो, पण मी सांगतो आहे ते टाळकरी गावचे, दिवसभर शेतात राबून रात्री उभे राहणारे.)

हे आज सांगण्याचे कारण असे. सत्तेसमोर उभे राहून खरे बोलणारा माणूस, मग तो कवी असो, नट असो, शाहीर असो की लेखक, आपल्याला एकटा दिसतो. आपण त्याला 'धाडसी' म्हणतो आणि घरी जातो. त्याच्या मागे कोण उभे होते, त्याला जागा कोणी दिली, त्याचे शब्द कोणी लिहून ठेवले, हे आपण विचारत नाही. आणि वारकऱ्याने तर हे विचारलेच पाहिजे, कारण आपला सगळा संप्रदाय त्या मागच्या माणसांनी राखलेला आहे.

तुकोबारायांचेच पाहा. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी अधिकार नाही म्हणून सांगितले आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या. तेरा दिवस महाराज शिळेवर पडून राहिले. देवाने वह्या तारल्या ही आपली श्रद्धा. वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी होते, असेही कीर्तनकार सांगत आले. या दोन्हींत मला विरोध दिसत नाही. देवाला तारायचे असते तेव्हा तो कोणाच्या तरी तोंडून आणि हातून तारतो. चाकणचे संताजी जगनाडे हा तेलाचा घाणा चालवणारा माणूस. दिवसा घाणा आणि मग लेखणी. त्यांनी लिहून ठेवले नसते तर आज आपण कशावर निरूपण केले असते?

बहिणाबाई शिऊरकरांची गोष्ट तर अधिक कठीण. देहूला येऊन तुकोबांचे कीर्तन ऐकायचे एवढाच त्यांचा अपराध. घरात नवऱ्याचा मार, बाहेर मंबाजीचा छळ. त्यांची गाय बांधून ठेवून तिला मारले असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. बोलणाऱ्याला दडपता येत नाही तेव्हा ऐकणाऱ्याला त्रास द्यायचा, ही रीत किती जुनी आहे बघा. तरी त्या कीर्तनाला येत राहिल्या.

तुकोबांचे चौदा टाळकरी आपण मोजतो. त्यांत तेली आहे, कासार आहे, माळी आहे, कुलकर्णी आहे. आणि परंपरा त्यांत रामेश्वर भटांचेही नाव घेते. ज्याच्या शब्दावरून वह्या पाण्यात गेल्या, तो पुढे टाळ घेऊन मागे उभा राहिला. हा माणूस बदलला तो तेरा दिवसांच्या धरण्याने आणि देहूच्या लोकांनी महाराजांना सोडले नाही म्हणून. वादात हरवून बदललेला नाही.

आता जवळच्या काळाकडे येतो. आमचे गडब पेण तालुक्यात. याच तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले. आमच्याकडे म्हातारी माणसे त्यांच्याबद्दल घरच्यासारखे बोलत, 'आपला विन्या' म्हणण्यापर्यंत. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. राजबंदी जमले होते आणि दर रविवारी विनोबा त्यांना गीतेवर प्रवचन देत. अठरा अध्याय, अठरा प्रवचने. त्या श्रोत्यांत पालगडचा एक शिक्षक बसलेला असे, मांडीवर कागद घेऊन. ते साने गुरुजी. विनोबांनी बोलावे आणि गुरुजींनी भराभर लिहून घ्यावे. 'गीता प्रवचने' म्हणून जे पुस्तक आज घराघरात आहे ते तसे जन्मले. तुरुंगात बोललेले बहुधा तुरुंगातच विरते. हे विरले नाही, कारण संताजींचे काम करणारा एक जण तिथे होता. पुढे तोच माणूस स्वतः बोलायला उभा राहिला तेव्हा त्याच्या मागे कोण होते तेही ऐका.

१९४७ साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजी उपोषणाला बसले. त्याआधी काही महिने त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक बरोबर होते. गाणी, पोवाडे, मेळे झाले आणि गावोगावची मंदिरे, विहिरी खुल्या होत गेल्या. पण प्रत्यक्ष पंढरीत उपोषणाला बसायचे कुठे? जागा मिळेना. एवढ्या मोठ्या क्षेत्रात, इतके मठ, इतक्या धर्मशाळा, आणि एका उपाशी माणसाला टेकायला जागा नाही. ती जागा दिली तनपुरे महाराजांच्या मठाने. १ मे ते १० मे तिथे उपोषण झाले आणि शेवटी बडव्यांनी संमती दिली. आपण पंढरीला जातो, तनपुरे महाराजांचा मठ पाहतो, पंगतीत बसतो. त्या मठाने त्या दिवसांत किती जणांची बोलणी खाल्ली असतील याचा विचार एकदा तिथल्या ओसरीवर बसून करा. उपोषण गुरुजींचे, पण छप्पर वारकऱ्याचे.

इथे कोणी म्हणेल, महाराज, तो धर्माचा प्रश्न होता, आता तुम्ही लोकशाही वगैरे बोलता आहात, ते राजकारण. याचे उत्तर मला आणीबाणीच्या काळात मिळाले.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली तेव्हा ज्येष्ठाचा वद्य पक्ष चालू होता. आठवड्याभरात आळंदी-देहूहून पालख्या निघाल्या. म्हणजे देशात हजारो माणसे बिनाचौकशी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, सभाबंदी, आणि त्याच वेळी लाखो माणसे पुणे-सासवड-फलटणच्या रस्त्याने चालत होती. वारीला कोणी अडवले नाही, हे सांगितले पाहिजे. पण मुक्कामाच्या तंबूत माणसे आवाज खाली आणून बोलू लागली. तोपर्यंत वारीत मी कधी माणसांना कुजबुजताना पाहिले नव्हते.

त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. एक्कावन्नावे. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. गाव त्यांचे, मंडप त्यांचा. जयप्रकाश नारायण तेव्हा नुकते स्थानबद्धतेतून सुटून मुंबईला जसलोक रुग्णालयात होते, मूत्रपिंडे निकामी झालेली. दुर्गाबाईंनी त्या मंडपात लेखनस्वातंत्र्याचा विषय काढला आणि जयप्रकाशांना आराम पडावा म्हणून प्रार्थना करू या असे सांगितले. कोणाला शिव्या दिल्या नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. आजारी माणसासाठी प्रार्थना. ती कोण कशी नाकारणार? मंडप उभा राहिला.

माउली, त्या क्षणी उभी राहिलेली माणसे कोण होती? शिक्षक, कारकून, ग्रंथपाल, गावोगावचे कवी. बहुतेक सरकारी पगारावर. दुर्गाबाईंचे नाव इतिहासात गेले ते योग्यच. पण त्या एकट्याच उभ्या राहिल्या असत्या आणि मंडप बसून राहिला असता, तर दुसऱ्या दिवशी ती 'एका बाईंची तऱ्हेवाईक वागणूक' झाली असती. उभे राहण्यासाठी त्या हजारो जणांनी काही केले नाही, फक्त खुर्ची सोडली. ते ध्रुपद धरणे होते. पुढे १९७६ मध्ये दुर्गाबाईंना मुंबईत एशियाटिकच्या ग्रंथालयात अटक झाली. अभ्यास करीत असलेल्या, साठी ओलांडलेल्या विदुषीला पुस्तकांमधून उठवून नेले.

सेन्सॉरमुळे हे सगळे नीट छापून आले नव्हते. मला ते समजले एका प्राथमिक शिक्षकाकडून, जो स्वतः कऱ्हाडला जाऊन आला होता. मी तेव्हा पंचविशी पार केलेला, नवखा बुवा. एका गावच्या सप्ताहात निरूपणाच्या ओघात मी ती गोष्ट सांगितली. पुढच्या गावी पोचलो तर एक हवालदार देवळाच्या पायरीशी उभा. आज कोणत्या अभंगावर कीर्तन आहे, असे विचारू लागला. मी काही बोलण्याच्या आत आमचे विणेकरी पुढे झाले. सत्तरीचे, निरक्षर, खारेपाटातले शेतकरी. म्हणाले, "अभंग तुकोबांचा हाय. कायला धरलाय तो, ते त्यांनाच इचारा." हवालदार हसला, आणि मग खाली बसून शेवटपर्यंत कीर्तन ऐकले. प्रसादही घेतला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला पाठवले होते.

पण त्या रात्री ज्या घरी माझे जेवण ठरले होते तिथून निरोप आला की घरात अडचण आहे. अडचण काय ती मला कळली. मी त्यांना दोष देत नाही, मुलगा नोकरीला होता. शेवटी एका म्हाताऱ्या विधवेने हाक मारली. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे. जेवताना तिने कऱ्हाडबद्दल काहीच विचारले नाही, तिला त्यातले काही माहीत नव्हते. एवढेच म्हणाली, "बुवा उपाशी ऱ्हायला नको." राजकारण म्हणजे काय हे तिला कोणी विचारले असते तर तिला सांगता आले नसते.

विनोबांकडे परत यावे लागते, कारण आमच्या तालुक्याला ते टाळता येत नाही. आणीबाणीच्या वेळी विनोबांचे वर्षभराचे मौन चालू होते. पाटीवर त्यांनी 'अनुशासन पर्व' असे शब्द लिहिले आणि सरकारने ते उचलले. भिंतींवर, फलकांवर, बसवर ते शब्द लागले, जणू संतांनी आणीबाणीवर शिक्का मारला. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलन भरले आणि त्यातून सरकारला सबुरीचा, बंदी सोडण्याचा सल्ला गेला. तो कोणत्या भिंतीवर लागला? लागला नाही. त्याच वर्षी गोहत्याबंदीसाठी उपोषण करण्याचे विनोबांनी जाहीर केले तेव्हा वर्तमानपत्रांना ते छापता येईना, आणि त्यांच्याच आश्रमाच्या 'मैत्री' मासिकाचे अंक पोलिसांनी पवनारहून उचलून नेले. ज्यांचे दोन शब्द सरकारने देशभर लावले, त्यांच्याच पुढच्या शब्दांवर जप्ती आली.

विनोबांनी ते शब्द लिहायला नको होते असे मानणारे पुष्कळ आहेत. मीही जवळपास त्याच मताचा आहे. पण मला अधिक बोचते ते हे की धुळ्याच्या तुरुंगात त्यांच्यापाशी एक साने गुरुजी होता, पूर्ण वाक्य लिहून घेणारा. १९७५ साली त्यांच्या मागे सरकारी टाळकरी उभे राहिले. त्यांनी एक चरण उचलला आणि बाकीचा अभंग दाबून टाकला. कीर्तनात असे कोणी केले तर आपण त्याला हाताला धरून खाली बसवतो.

गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकालाही आणीबाणीत सेन्सॉरचा जाच झाला. यदुनाथ थत्ते संपादक होते. साप्ताहिक टिकले ते वर्गणीदारांमुळे. वर्गणी भरणे हे काही पराक्रमाचे काम नाही, पण नियतकालिक चालवणाऱ्याला त्याची किंमत विचारा. आपल्या या मासिकाच्या संपादकांनाही विचारा हवे तर.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली. निवडणुकीत पु. ल. देशपांडे सभा घेत फिरले, निकाल लागल्यावर कोणतेही पद न घेता लिहायला परत गेले. त्यांच्या सभेला येणाऱ्या माणसाला माहीत असे की आपल्यालाही कोणी पाहत असेल. तरी माणसे आली.

आता आजचे बोलतो. २०२५ च्या आषाढीच्या आधी, वारी चालू असताना, विधान परिषदेत असे बोलले गेले की वारीत 'शहरी नक्षलवादी' शिरले आहेत. संविधान दिंडी आणि पर्यावरण वारी यांचा उल्लेख झाला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी या दिंड्या पाहिल्या असतील. टाळ, तुळस, आणि त्याबरोबर राज्यघटनेची उद्देशिका. कोणी भारूड करते, कोणी पथनाट्य. मला त्यांचे सगळेच पटते असे नाही. काहींना वारीची शिस्त ठाऊक नसते, चालताना ओळ मोडतात, आणि भारुडात नाथांचे कमी आणि स्वतःचे जास्त घालतात. पण नक्षलवादी? ज्यांच्या हातात टाळ आहे, आणि घटना आहे, ज्या घटनेवर हे सभागृह उभे आहे? त्यानंतर, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. त्यात संघटनेला बेकायदेशीर ठरवण्याचे अधिकार सरकारकडे आहेत. सरकारचे म्हणणे की हा कायदा कडव्या डाव्या हिंसक संघटनांपुरता आहे. हिंसेला कोणताही वारकरी पाठीशी घालणार नाही. पण 'शिरले आहेत' हा शब्द एकदा आपल्या दिंडीला लागलेला आपण ऐकला आहे, म्हणून कायद्याची व्याख्या कुठे थांबते हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

त्या वेळी दिंडीतल्या वारकऱ्यांनी, कीर्तनकारांनी उघडपणे निषेध केला, हे समाधानाचे. पण अनेक फडांवर शांतता होती. मला दोघा-तिघांनी सांगितले, "त्यांचे विचार आपल्याला पटत नाहीत, मग कशाला बोला?"

माझा अनुभव असा की टाळकऱ्याला बुवांचे निरूपण दर वेळी पटत नाही. आमच्याकडे एक पखवाजी होते, माझे कीर्तन संपल्यावर जेवणाच्या पंगतीत माझी सालटी काढीत. हा दृष्टांत चुकला, तो अर्थ ओढून आणला. मला घाम फुटे. पण कीर्तन चालू असताना त्यांनी एकदाही हात आखडता घेतला नाही. मतभेद पंगतीत, मंडपात ठेका. कलावंत आणि समाजाचे नाते इतपत असले तरी पुष्कळ झाले. ज्याचे बोलणे पटत नाही त्याच्याशी वाद घालायचा, पण त्याला बोलू न देणारा कोणी पायरीशी आला तर आधी विणेकऱ्याने पुढे व्हायचे.

पक्षाचा झेंडा मात्र गादीवर नको, हे मी ठामपणे म्हणतो. मी कधी कोणाच्या प्रचाराला उभा राहिलो नाही. हल्ली काही ठिकाणी गादीवरूनच माणसांना धमकावले जाते, तेही ऐकतो, आणि नारदांच्या जागेवर उभे राहून असे बोलवते कसे याचे नवल वाटते.

या विधेयकावर विधिमंडळाच्या समितीने सूचना-हरकती मागवल्या होत्या. बारा हजारांहून अधिक आल्या. त्यांतले एक पत्र आमच्या गडबचे. २०२५ च्या मार्चमध्ये एका सोमवारी हरिपाठ झाल्यावर आमच्या भजनी मंडळातल्या एका निवृत्त मास्तरांनी ते वाचून दाखवले. दीड पान. व्याख्या स्पष्ट करा, लेखक-कलावंत आणि शांततेने विरोध करणारे यातून वगळा, असे दोन मुद्दे. भाषा जरा सरकारी झाली होती, मी दोन शब्द बदलायला सांगितले, त्यांनी एकच बदलला. चौदा जणांनी सह्या केल्या. चौदा हा आकडा ठरवून आलेला नाही, तेवढे टाळकरी त्या दिवशी हजर होते म्हणून. खरे तर सतरा होते, तिघांनी सही केली नाही. एकाने कारण सांगितले, दोघांनी सांगितले नाही. पुढच्या सोमवारी ते तिघेही वेळेवर आले, टाळ घेतले आणि नेहमीच्या जागी उभे राहिले.